मधला तांबडा थर

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर त्याच्याच नावावर एक थाप ठोकत होतो... कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा पंचगंगेपर्यंत आला तेव्हा आमचे दिनकर मास्तर काठावर वही घेऊन उभे होते म्हणून! जन्मभर भूगोल शिकवलेला हा माझा मित्र. मी एका चहात जेवढं खोटं बोलतो, तेवढं तो आयुष्यात बोलला नाही. त्याचा सह्याद्री सरळ होता. "भाकरीवर भाकरी रचल्यागत लाव्ह्याचे थर हायत, लेका. मधल्या काळात वरचा दगड कुजून माती झाली, ती पुढच्या लाव्ह्यानं भाजली. त्योच ह्यो तांबडा पट्टा." मग ती माती जिभेला लावायचा. चिकटली की माती अस्सल भाजलेली, स्वारी खूश.

दोन वर्षांमागच्या आषाढात गगनबावड्याकडच्या एका ओळखीच्या वाडीवर आम्ही पुन्हा गेलतो. वाडीमागच्या उताराला हातभर भेग, आणि झऱ्याला तांबडं पाणी. दिनूनं ओली माती जिभेला लावली, पण हसला नाही. काळ्या दगडाच्या फटींतून मुरलेलं पाणी तांबड्या थरावर अडलं होतं. तो थर लोण्यागत झाला की वरचं सगळं घसरणार. खाली घरांत माणसं होती आणि आभाळ पुन्हा भरत होतं. मीच पुढं होऊन ओरडलो, "संध्याकाळपतोर अख्खा डोंगर खाली येतोय! पळा!"

वाडीतली थोरली गंगूमावशी म्हशीला वैरण टाकत होती. "पावणं, मागल्या खेपेला बिबट्यानं तुमची जीप ढकलून चालू केलती म्हणालासा. त्योच आता डोंगर ढकलतोय व्हय?" वाडी खदखदून हसली... आणि कोणी हललं नाही. जन्मभराच्या थापा त्या दुपारी माझ्याच नरड्यावर बसल्या.

दिनू तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. "कवा पडंल, पडंल का न्हाय, मला ठाव न्हाय मावशी. पण तुमी ऱ्हाणार असला तर मीबी हितंच ऱ्हातो." बोलता बोलता तो सारखा मागं उताराकडं वळून बघत होता. तिनं हातातली वैरण खाली ठेवली.

"मास्तर, भ्यालासा व्हय?"

"व्हय."

तिनं म्हशीचं दावं सोडलं. मागोमाग वाडी निघाली. तिसऱ्या दिवशी डोंगर उतरला. चार घरं गेली... एरवी मी चाळीस सांगतो. माणूस एकही गेलं नाही.

परवा मावशीला कळवायला गेलो. आता ती रस्त्यापल्याड पत्र्याच्या घरात राहते. "मास्तर गेलं," मी म्हणालो. तिनं मला नीट न्याहाळलं आणि हसली. "तुमच्या तोंडचं कवा खरं असतंय?" असं म्हणून तिनं आतून घोंगडी आणली, झटकून अंथरली. "मागनं येत असतील. बसतील हितं."

शपथ घ्यायला तोंड उघडलं... आणि मिटलं. घोंगडी तशीच मोकळी ठेवून मी कडेला जमिनीवर बसलो.