शिवणीची फळी

माझ्या पहिल्या गिटारीच्या दर्शनी फळीवर एक बुजवलेली चीर आहे. पन्नाशी ओलांडली, तरी दुपारी डोळे मिटले की बोट आपोआप तिच्यावरून फिरते आणि कोवळ्या लाकडाचा गोडसर वास येतो.

तेव्हा मी तिशीतला शाळामास्तर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षे झाली नव्हती. परगावच्या लग्नात एका वाजवणाऱ्याजवळ मी गिटार पाहिली, वर्तमानपत्रावर तिची आकृती उतरवून घेतली आणि सायकलने देऊळघाटच्या सुतारचाचांकडे गेलो. चाचांनी शिवणीच्या झाडाची एक फळी काढली, बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केली, कान लावून ऐकले.

"मास्तर, हे आजून ओलं हाये. दोन उन्हाळे जाऊ द्या, मंग हात लावा."

"हो चाचा," मी म्हणालो.

मी दोन महिनेही थांबलो नाही. त्या हिवाळ्यात आमची ओसरी भुशाने पिवळी होऊन गेली होती. उकळत्या पाण्यात भिजवलेल्या पातळ पट्ट्या मी तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवत असे आणि लाकूड झोपेत कूस बदलावी तसे वळत असे. पहिली तार छेडली तेव्हा ओसरीत आणखी कोणी श्वास घेत असल्यासारखे वाटले. इतका सुखी मी क्वचितच झालो असेन.

वैशाखातल्या एका दुपारी काडकन आवाज झाला. गिटारीच्या दर्शनी फळीला, त्या शिवणीच्या लाकडाला, आरपार चीर गेली होती.

संध्याकाळी चहाच्या हॉटेलात मंडळींनी गिटारीला घेरले.

"अबे, हिचं तं पोट फाटलं!"

"टाके घाला न तिले, मास्तर!"

ते हसू मला सोसले नाही. मी म्हणालो, "मी काय करणार? चाचांनी लाकूडच ओलं दिलं."

वाक्य अक्षरशः खरे होते. म्हणूनच त्यातले खोटे कोणाला दिसले नाही.

पंधरवड्याने चीर बुजवून घ्यायला देऊळघाटला गेलो. चाचांच्या अंगणात दाराची नवी चौकट पडून होती.

"ही कोणाची?"

"तुमच्याच गावच्या शेतकऱ्याची. आता नाही म्हणते तो. म्हणते, तुमी ओलं लाकूड देता."

मी ते वाक्य बोललो, त्या संध्याकाळी हॉटेलात तोही बसला होता. चाचांनी माझ्याकडे न पाहता चिरेत शिवणीची बारीक काडी सरसाने चिकटवली. मी सगळे कबूल केले.

"मले काऊन सांगता? मी काय म्हटलं होतं, ते मले मालूम हाये. जेथं बोलले, तेथं सांगा."

हॉटेल माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथवर जायला मला तीन दिवस लागले. तो शेतकरी समोरच होता. मी सर्वांदेखत म्हणालो, "चाचांनी मला थांबायला सांगितलं होतं. मी थांबलो नाही. दोष माझा आहे."

कोणी हसले नाही, याचीच मला अधिक लाज वाटली.

शेतकऱ्याने बशी खाली ठेवली. "आता सांगून राह्यले, मास्तर? मी चाचाले नाही नाही ते बोलून आलो. कोणत्या तोंडानं जाऊ? उद्या तुमीच चाला संगं."

दुसऱ्या दिवशी देऊळघाटहून चौकट शेतकऱ्याच्या बैलगाडीतून आमच्या गावाकडे निघाली. ती धरून मी मागे बसलो होतो. सावल्या लांबत होत्या, बैल संथ चालत होते. मी पेराने तिच्यावर टकटक केली आणि कान लावला. आवाज कोरडा आणि स्वच्छ होता.