वाणात आलेली बाटली

तुमचा खोका पोचला. जीवनसत्त्वं-अर्कांच्या आठ बाटल्या आणि चिठ्ठी: 'आजी, शंभरी गाठायची.' गाठायचीच आहे. पण त्यातली एकच बाटली मी वापरायला काढली, बी-बाराची. तपासणीत माझं ते कमी निघालं होतं आणि डॉक्टरांनी घ्यायला सांगितलं होतं. डी पुरेसं आहे. मुतखडा होऊन गेल्यामुळे कॅल्शियम त्यांना विचारल्याशिवाय नको. बाकीच्यांनी माझं कोणतं उणं भरून निघणार, ते मला अजून कळलेलं नाही. हा हट्ट नाही. आजोबांच्या धुळ्याच्या मोठ्या बहिणीचं, अक्कांचं सांगते, मग तुम्हालाही पटेल.

अक्कांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ राहावं म्हणून त्यांना जन्मभर गोळी आहे. गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस त्या दाढ काढायला जळगावला आमच्याकडे आल्या. मी भरताची वांगी भाजत होते. अक्का भाकरी थापायला बसल्या, बाही वर सारली आणि दंडावर मोठाले जांभळे डाग दिसले.

"अक्का, हे काय?"

"संक्रांतीला बांगड्या भरल्या ना. कासारानं हात आवळला."

संक्रांत कधीच होऊन गेली होती, आणि बांगड्या काही दंडात भरत नाहीत. मी गॅस बंद केला.

"नवीन काही औषध चालू आहे?"

"काही नाही."

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि पिवळी कॅप्सूल गिळली.

"मग हे?"

"हे औषध कुठे? वाण आहे."

शेजारणीचा मुलगा परदेशात. तिनं यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीला वाण म्हणून एकेक बाटली दिली होती. वाण नाकारायचं नसतं, म्हणून अक्का ते श्रद्धेनं रोज खात होत्या. मी चष्मा लावून वाचलं. हळदीचा अर्क, बरोबर मिरीचा. तळाशी बारीक अक्षरात सूचना: रक्त पातळ करणारं औषध चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

"वहिनी, हाई हळद शे, जहर नही! जन्मभर वरणात खाल्ली."

"वरणात चिमूटभर असते. हा अर्क आहे."

"इतकं इंग्रजी शिकलात, ते हळदीला भ्यायला?"

"हळदीला नाही. उद्या दाढ काढल्यावर रक्त थांबलं नाही तर, त्याला भिते. दातांच्या डॉक्टरांना हे सांगितलं होतं का?"

"त्यांनी औषधं विचारली," अक्का म्हणाल्या, "वाण नाही विचारलं."

मला हसू आलं, पण आधी दोन्ही डॉक्टरांना फोन केला. दातांच्या डॉक्टरांनी रक्ताचा जुना रिपोर्ट पाहून तारीख दिली होती. अक्कांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी लगेच नवी तपासणी करायला लावली. रक्त हवं त्यापेक्षा बरंच पातळ निघालं. कॅप्सूलमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, ते म्हणाले, पण ती आजपासून बंद आणि दाढ लांबणीवर. अक्का रागानं म्हणाल्या, "मग ती गोळीही नको, सगळंच बंद!" मी म्हटलं, "ती गोळी डॉक्टर सांगतील तशीच. त्यात तुमचंही चालणार नाही आणि माझंही."

अक्का आमच्याकडेच राहिल्या. पुढचा रिपोर्ट ठीक आला, मग दाढ निघाली. मी समोरच बसून होते. रक्त वेळेवर थांबलं. संध्याकाळी त्यांनी मऊ खिचडीचा घास घेतला आणि म्हणाल्या, "अळणी आहे." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

प्रश्न उरला वाणाचा, टाकायचं कसं? अक्कांनीच तोड काढली. कॅप्सूल गेल्या, बाटली धुऊन धुळ्याला गेली. आता तिच्यात मोहरी असते.

तर तुमच्या सात बाटल्या पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांपुढे मांडणार आहे. ज्या नको ठरतील त्यांची काळजी करू नका. झाकणं घट्ट आहेत, आणि अक्कांनी दोन रिकाम्या आधीच सांगून ठेवल्या आहेत.