स्टोव्हची उलटतपासणी

तार आली तेव्हा मी अकोल्यात आमच्या क्लबच्या नाटकाच्या तालमीत होतो. अंगात जरीचा डगला आणि ओठावर डिंकानं चिकटवलेल्या झुपकेदार मिशा. तार वाचली, डगला काढून कोणाच्या तरी हातात दिला आणि मिळेल त्या गाडीनं अमरावतीला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलताना एक हमाल माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "साहेब, मिशी लोंबून राहिली तुमची." हात लावून पाहिला, तर एका बाजूची मिशी खरंच हनुवटीवर आली होती. भाऊजी गेल्याची तार खिशात होती, तरी मला हसू फुटलं. भाऊजी तिथे असते तर त्यांनी त्याच फलाटावर मिशीची साक्ष काढली असती. शेवटी नीट कधी होती? चिकटवली कोणी? तेव्हापासून आतापर्यंत तिला कोणी कोणी हात लावला?

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अमरावतीचे वासुदेवराव वकील. त्यांना जाऊन आता दीड-दोन महिने झाले. कोर्टात त्यांची वकिली बेताची. समोरचा साक्षीदार घाबरला की यांनाच त्याची दया यायची आणि हे पुढचा प्रश्न गिळून बसायचे. पण घरात स्टोव्ह, शिवणयंत्र, भिंतीवरचं घड्याळ, कंदील, गॅसबत्ती यांच्यापैकी कशानं जरा कुरकुर केली की भाऊजी असे काही उभे राहत की प्रिव्ही कौन्सिलनंही टोपी काढावी. त्यांचा सिद्धान्त एकच होता. यंत्र आपणहून बिघडत नाही. त्याच्याशी कोणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि तो माणूस बोलत नसतो. म्हणून आधी यंत्र उघडायचं नाही, आधी माणसं उघडायची.

त्यापुढचा कायदा तर जगात कुठे नसेल. जो कबूल होईल त्याला संपूर्ण माफी. रागवायचं नाही, पुन्हा उल्लेखही करायचा नाही. पण दुरुस्ती त्यानंच, स्वतःच्या हातानं करायची. भाऊजी हात पाठीमागे बांधून शेजारी उभे राहणार आणि फक्त प्रश्न विचारणार. पेचकसाला त्यांनी बोट लावलेलं मी कधी पाहिलं नाही. दुरुस्ती झाली की करणाऱ्याला वेलदोड्याचा चहा, तोही भाऊजींच्या आरामखुर्चीत बसून. मी एकदा त्यांना म्हणालो होतो, "भाऊजी, तुमचं म्हणजे आपल्या वऱ्हाडासारखं आहे. मालक हैदराबादचा निजाम, कारभार नागपूरच्या साहेबाचा आणि काम करायचं आपण." ते म्हणाले, "शालकमहाशय, म्हणून तर चाललंय."

पहिला खटला मी पाहिला तो भागीचा. भागी माळीण रोज सकाळी भाजी घेऊन यायची आणि मग ताईच्या हाताखाली दुपारपर्यंत राहायची. त्या दिवशी स्टोव्ह फडफडत होता. ज्योत निळी व्हायची, लाल व्हायची, थुंकायची आणि विझायची. भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"काल नीट होता?"

"होता की," भागी म्हणाली. "मले काय पुसता वकीलसाहेब? म्या का स्टो खाल्ला?"

"घासलेट कधी भरलं?"

"आत्ता सकाळी."

"बाटली तीच?"

"तीच. लई मळली होती, म्हून धुतली मी सोडा लावून. चकचकीत केली."

"आणि वाळवली?"

भागीनं पदर तोंडाला लावला. बाटलीतलं पाणी घासलेटाबरोबर टाकीत गेलं होतं. भाऊजी खाली वाकून अगदी हळू म्हणाले, "माफी आहे, भागी. घे, ओतून टाक ते सगळं." मग तिनं टाकी रिकामी केली, थोड्या कोऱ्या घासलेटानं खळबळून घेतली, पिन घालून निपलाचं भोक मोकळं केलं, थोडं स्पिरिट जाळून बर्नर तापवला आणि पंप मारला. स्टोव्ह असा घुमू लागला की भागीच दचकून मागे सरली. आरामखुर्चीत बसून तिनं जो चहा प्यायला, तसा चहा कोणत्या राणीनं प्यायला नसेल. जाताना मला म्हणाली, "भाऊ, तुमीबी काही बिघडवून पाहा एकदा."

आणि गंमत म्हणजे लोक खरंच तसं करू लागले. भाऊजींचे कारकून बाबाराव यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या साक्षीदारांना पढवलं होतं, स्वतः मात्र कशालाच कबूल होत नसत. दिवाळीच्या रंगसफेदीनंतर भिंतीवरचं घड्याळ चालेना. लंबक हलवला की थोडा वेळ चालायचं आणि थांबायचं. भाऊजींनी डोळे मिटून कान लावला. "लंगडतंय," ते म्हणाले. "टिक लांब, टाक आखूड. उतरवलं कोणी?" बाबाराव छताकडे पाहू लागले. "परत टांगलं कोणी?" बाबारावांना खोकला आला. मी पाहुणा, त्यातून अकोल्याचा, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी वेलदोड्याचा वास स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि बाबाराव गडगडले. "साहेब, मीच टांगलं. जरा तिरपं बसलं असेल." त्यांनी स्टुलावर चढून घड्याळाची पेटी केसभर डावीकडे सरकवली, मग केसभर उजवीकडे. टिक आणि टाक एका मापाचे झाल्यावर भाऊजी पाठीमागून म्हणाले, "बस." त्या दिवसापासून बाबारावांची वृत्ती पालटली. पुढे शिवणयंत्राचा दोरा तुटू लागला तेव्हा सुई उलटी बसवल्याचा गुन्हा बाबाराव, भागी आणि मी अशा तिघांनीही कबूल केला. एका गुन्ह्याला तीन माफीचे साक्षीदार. भाऊजी इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

या सगळ्यात एकच माणूस कधी पिंजऱ्यात आलं नाही. ताई. तिच्या हातून काही बिघडतच नसे. तिनं कोणतं झाकण उघडलं नाही, कोणता स्क्रू फिरवला नाही. "तू काहून नाही करत गं एखादी दुरुस्ती?" मी विचारलं, तर म्हणाली, "मी काही बिघडवलं नाही." भाऊजी उसासा टाकून म्हणायचे, "सबंध वकिलीत हा एकच साक्षीदार फुटला नाही."

शेवटचा त्यांना भेटलो तेव्हा ते अंथरुणावर होते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर भाऊजी त्यांनाच प्रश्न शिकवू लागले. "डॉक्टर, असं नाही. आधी विचारा, शेवटी नीट कधी चालत होतं?"

"बरं, कधी चालत होतं?" डॉक्टर चांगला माणूस होता.

"लग्नाआधी."

"ऐकलं मी," दाराआडून ताई म्हणाली.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले आणि आम्हा भावंडांत ठरलं की ताईला अकोल्याला आणायचं. त्यांना मूलबाळ नाही. अमरावतीला ती एकटी कशी राहणार? आयुष्यभर जिनं एक स्क्रू फिरवला नाही तिचं काही अडलं तर कोण धावणार? आणायला मला पाठवलं, कारण मी बोलण्यात हुशार. ताईला यायचं नव्हतं हे मला ठाऊक होतं. ती तसं म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "मी इथे नवरी होऊन आले." मी अकोल्याच्या घरातल्या खोलीचं, तिथल्या वाऱ्याचं, माझ्या बायकोच्या हातच्या भाकरीचं असं काही वर्णन केलं की ऐकणाऱ्यानं रडावं. तिनं मान हलवली. भागीनं वळकटी बांधली, ट्रंकेला दोर बांधला. वैशाखाचं ऊन सकाळीच अंगणभर पसरलं होतं.

निघण्याआधी ताईनं चहाला स्टोव्ह पेटवायला घेतला. पंप मारला, तर दट्ट्या नुसता ढिला आतबाहेर होऊ लागला. हवा धरीना.

"राहू दे," मी म्हणालो, "स्टेशनवर घेऊ." खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पाहा, म्हणजे आमचं म्हणणं खरंच होतं की नाही.

ताई स्टोव्हकडे पाहत बसली. मग म्हणाली, "विचार."

"काय विचारू?"

"ते विचारायचे तसं. मला एकटीला सुचत नाही."

मी उभा राहिलो, हात पाठीमागे बांधले, भाऊजींचा घोगरा आवाज काढला. नकला हा माझा धंदाच. "शेवटी नीट कधी चालला होता?"

"ते गेले त्या दिवशी सकाळी. त्यांच्यासाठी पेज केली होती."

पुढचा प्रश्न मी माझ्याच आवाजात विचारला. "त्यानंतर कोणी पेटवला?"

"कोणीच नाही. मोठा स्वयंपाक चुलीवर होत होता. मग मी शेगडीवर भागवत होते."

"काहून? स्टोव्ह होता ना?"

तिनं पदरानं स्टोव्हची टाकी पुसली. भागी दारात भाजीची टोपली धरून उभी होती. "त्याचा आवाज ऐकवत नव्हता," ताई म्हणाली. "इतक्या उन्हाचा कोरडा पडून राहिला तो. आतलं चामडं वाळलं असेल. दुसरं काय असणार?" आणि मग जणू कोणी पुढे विचारेल म्हणून तिनंच म्हटलं, "मी बिघडवला."

भागीनं टोपली खाली ठेवली आणि पेचकस आणून दिला. मी हात पाठीमागून सोडले नाहीत. सोडायची हिंमत झाली नाही. ताईनं पंपाची टोपी फिरवली, दट्ट्या बाहेर ओढला. टोकाचं चामडी वायसर वाळून आक्रसलं होतं, जुन्या चपलेच्या तुकड्यासारखं. तिनं ते वाटीतल्या तेलात बुडवलं, बोटांनी चोळून चोळून मऊ केलं, कडा बाहेरच्या बाजूला पसरवल्या. परत बसवताना कड दुमडली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "सांगू नको." तिनं ते काढलं आणि फिरवत फिरवत पुन्हा आत घातलं. एक दाब दिला... दोन दिले. तिसऱ्याला हवेनं हात मागे ढकलला. ताईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. भाऊजींना ते पाहायला मिळायला हवं होतं, एवढंच मनात आलं.

स्टोव्ह घुमू लागला. तो आवाज सगळ्या घरात गेला, बाहेरच्या पक्षकारांच्या बाकड्यापर्यंत. ताईनं वेलदोडा ठेचून घातला आणि गाळलेल्या चहाची पहिली कपबशी घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली. आरामखुर्चीपाशी जरा थांबली. मग पदर सावरून बसली आणि बशीत चहा ओतून फुंकर घालत शांतपणे प्यायली.

बशी रिकामी झाल्यावर तिनं मला विचारलं, "तुझी गाडी किती वाजता आहे?" आणि भागीला हाक मारून म्हणाली, "ती वळकटी सोड गं. उन्हात घाल जरा, दोराचा वास लागला असेल गादीला."

माझ्याकडे अकोल्याच्या त्या खोलीचं अजून पुष्कळ वर्णन शिल्लक होतं. ते तसंच घेऊन मी टांग्यात बसलो. टांगेवाल्यानं चाबूक उचलला, तरी मी त्याला म्हटलं, थांब जरा. स्वयंपाकघरातून स्टोव्हचा आवाज येत होता. तिनं दुसरं आधण ठेवलं होतं.