बाबांच्या वाटचं ऐकणं

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी सीतापुऱ्याला, कारखान्यात होते. आमच्याकडे परदेशी जाणारे कपडे शिवले जातात आणि माल खोक्यात भरण्याआधी तपासणं हे माझं काम. फोनवरची मुलगी हिंदीत एवढंच म्हणाली की घरच्यांपैकी कोणीतरी लगेच या. समोरच्या शर्टाची मी घडी घातली, कॉलर सरळ केली, आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण कॉलर सरळ करत बसलोय... माझे सासरे, सदाशिवराव, गेले होते. त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, वय झालं होतं, फार हाल झाले नाहीत. हाल कशाला म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बाबा साताऱ्याकडचे. सैन्यात गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत त्यांची सगळी नोकरी झाली. सासूबाई गेल्यानंतर माझ्या नवऱ्याने, नीलेशने, त्यांना इकडे उत्तरेत, जगतपुऱ्याला आमच्या फ्लॅटवर बोलावून घेतलं. ते आले तेच निवृत्तीच्या वेळी घेतलेली आपली राखाडी गाडी स्वतः चालवत. पहिली दोन वर्षं आमचं फारसं जमलं नाही. भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही होत नव्हतं. भाजी कोणती करू म्हणून विचारलं की ते "बरं" म्हणायचे. पोळी वाढू का विचारलं तर "सकाळीच जाऊन आलो" असं काहीतरी उत्तर यायचं. मी मनाशी धरून चालले की यांना मी पसंत नाही. त्यांना ऐकू कमी येतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण किती कमी, ते त्यांनी कळू दिलं नव्हतं. नीलेशने आणलेलं कानाचं यंत्र कपाटातच असायचं. त्यात नको ते सगळं ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं.

एका रविवारी बाबा आणि मी मंडईतून परत आलो. गाडी फ्लॅटखाली लावून त्यांनी इंजिन बंद करण्याआधी मी सहज म्हणाले, "बाबा, ही टिकटिक कसली येते हो?" त्यांना ते कळलं नाही. मी पुन्हा, मोठ्याने विचारलं. ते उतरले, बॉनेट उघडलं आणि वाकून चालू इंजिनाजवळ कान नेला. बराच वेळ तसेच उभे होते. मग दुसरा कान नेला. मी शेजारी उभी, आवाज मला स्वच्छ येत होता, भिंतीवरचं घड्याळ कोणी इंजिनात ठेवावं तसा. सरळ होऊन ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला येत नाही ऐकू."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाजवळही बोलून दाखवलं नव्हतं. मग त्यांनीच विचारलं, "कसा आहे, सांग."

आवाज कसा आहे हे सांगणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, टिकटिक. त्यांनी मान हलवली. टिकटिक म्हणजे काय? सुकी की ओली? पत्र्यावर नखाने वाजवतात तशी, की जिभेने चुकचुकतो तशी? कढईत मोहरी तडतडते, ती एकसारखी नसते, हा एकसारखा आहे का? गाडी तापल्यावर वाढतो की कमी होतो? त्यांच्याजवळ आवाजांसाठी इतके शब्द होते, आणि त्यातला एकही आवाज आता त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. इंजिनांनी आणि तोफांनी मिळून सगळे वरचे, बारीक आवाज नेले होते. उरली होती ती फक्त घरघर.

तेव्हापासून रविवारची सकाळ आमची झाली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाशी धरायची, म्हणजे आतला आवाज नेमका कुठून येतो ते समजतं, हे त्यांनी मला शिकवलं. मी डोळे मिटून ऐकायची आणि मग त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ दिसतील असं, एकेक शब्द सांगायची. सुरुवातीला त्यांना खात्री होती की वरच्या झाकणाखालचे, झडपा दाबणारे टॅपेट सैल झालेत. त्यांनी झाकण उघडलं, पातळ पात्या घालून फटी मोजल्या, स्क्रू आवळले. गाडी सुरू केली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी नकारार्थी मान हलवली. पुढच्या खेपेला ऑइल बदललं. तरी तेच. मेन रोडवरच्या मिस्त्रीला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, अंकलजी, गाडी म्हातारी झाली, इंजिन खोलावं लागेल. बाबांनी मला विचारलं, काय म्हणतो? मी सांगितलं. ते म्हणाले, असेलही.

याच दिवसांत ती गोष्ट घडली. नीलेश त्यांच्यासोबत गाडीत होता. मागून ट्रक हॉर्न देत आला, आणि बाबा सरळ त्याच्या वाटेत वळले. ट्रकवाल्याने सावरलं म्हणून निभावलं. घरी आल्यावर नीलेशने किल्ली मागितली. बाबांना शब्द कळले की नाही कोण जाणे, पण पुढे केलेला हात कळला. त्यांनी किल्ली दिली आणि ते आपल्या खोलीत गेले. नीलेशचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर बाबांचं चालणंच बदललं. जिन्यात कठड्याला धरून उतरायला लागले. मला वाटलं, आता ते गाडीकडे बघणारही नाहीत. रविवारी मात्र ते खाली जाऊन उभे होते. मला म्हणाले, "चालव तू. पण आजारी गाडी तुझ्या हातात देणार नाही."

थंडीतली एक सकाळ होती. मी सांगितलं की गाडी गार असताना आवाज जोरात असतो, आणि तापली की हळूहळू विरतो. हे मी आधीही सांगितलं असणार, पण बहुतेक नीट शब्दांत नाही. ते एकदम थांबले. इंजिन बंद करायला लावलं, पूर्ण गार होऊ दिलं. मग पुन्हा सुरू करायला सांगून त्यांनी हात आत घातला, जिथून जळका धूर इंजिनाबाहेर पडून नळीत जातो त्या जोडापाशी, लोखंडाला न टेकवता. त्यांचा चेहरा मी खिडकीतून वाकून बघत होते. त्यांनी मला खाली बोलावून माझाही हात धरून तिथे नेला. तळव्यावर बारीक फुंकर बसत होती, टिक, टिक, आवाजाच्या तालावर. जोडातून धूर फुटत होता. तिथे काजळीचा काळा डाग होता, आमच्या डोळ्यांसमोर, इतके दिवस. "ही बघ तुझी टिकटिक," ते म्हणाले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पहिल्यांदा पाहिलं... आणि शेवटचं.

कारण जोडाचे नट सोडवताना एक बोल्ट तुटला. गंजलेला होता, कोणाच्याही हातून तुटला असता. अर्धा इंजिनात अडकून राहिला. तो काढायचा तर ड्रिल लावून, फार हलक्या हाताने काढावा लागतो. बाबांनी दोनदा ड्रिल हातात घेतलं आणि दोनदा खाली ठेवलं. ड्रिलचं टोक बोल्टवर टिकत नव्हतं. हत्यारं पुसली, गाडीवर कापड घातलं आणि वर आले. पुढच्या रविवारी मी खाली जाऊया म्हटलं तर म्हणाले, बघू. त्यानंतर कधीच गेले नाहीत. जेवण कमी झालं, बोलणं होतं तेही संपलं. नीलेश म्हणाला, मिस्त्रीला बोलावतो. बाबांनी मानेनेच नको म्हटलं.

मग छातीत पाणी झालं. अतिदक्षता विभागात ठेवलं. तिथे सगळे त्यांच्याशी बोलत होते. डॉक्टर बोलत होते, सिस्टर बोलत होत्या, हात हलवू नका म्हणत होत्या, नळी काढू नका म्हणत होत्या, आणि तोंडावर मास्क लावलेल्या माणसांचे ओठही त्यांना दिसत नव्हते. त्यांनी नळी ओढली, म्हणून हात बांधले. मी कानाचं यंत्र घेऊन गेले. आत ठेवता येणार नाही, म्हणाले. दिवसातून थोडा वेळ आत सोडायचे, तेवढ्यात मी काय सांगणार? मी माझा मास्क खाली केला तर सिस्टरने वर करायला लावला. मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, बोल्ट निघेल. आपण गाडी करून घेऊ." शेजारचा पेशंट दचकला. सिस्टर माझा दंड धरून म्हणाली, "मॅडम, धीरे बोलिए." मी तेच हळू बोलले.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणालीस?"

वेळ संपली होती. मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी फोन आला.

तेरावं झाल्यावर नीलेशने गाडी मिस्त्रीकडे ओढून नेली. त्याने तुटका बोल्ट काढला, जोडात नवीन पॅकिंग घातलं. बाबांचं निदान बरोबर निघालं. नीलेश किल्ली माझ्या हातात देऊन गॅलरीत जाऊन उभा राहिला. आता मी त्या गाडीने कामाला जाते. थंड सकाळीही ती गुपचूप सुरू होते. मी बॉनेटकडे बघत थोडा वेळ बसून राहते. ऐकण्यासारखं काही नसतं, आणि ते ज्याला सांगायचं तो माणूसही नाही. कोणी म्हणतं, बघ, त्यांची शेवटची इच्छा पूर्ण झाली. मला तसं काही वाटत नाही. मला फक्त त्यांचा शेवटचा प्रश्न आठवतो, आणि त्याचं उत्तर माझ्या तोंडात तसंच आहे.

परवा खालच्या मजल्यावरच्या शर्मा भाभी वर आल्या. मी स्वयंपाकघरात होते, नीलेशला आतूनच काही सांगत होते. चहा घेताना त्या चाचरत म्हणाल्या, "भाभीजी, बुरा मत मानना. आपकी आवाज़ नीचे तक आती है. ऊँचा तो अंकलजी सुनते थे." हिंदीत कमी ऐकू येणाऱ्याला 'ऊँचा सुनता है' म्हणतात. मी हो म्हटलं, आणि तेही इतक्या मोठ्याने म्हटलं की त्यांच्या हातातली बशी हलली. आता घरात सगळ्यांना नीट ऐकू येतं. हळू बोलायचं, असं मी रोज सकाळी ठरवते. पण तोंड उघडलं की आवाज तसाच निघतो, बाबांना पोचेल एवढा.