बाबांचं गाणं आणि मेंदूची डावी बाजू

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी बुलडाण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. वरवट बकालला घरी पोचले, तोवर त्यांना अकोल्याला हलवलं होतं. उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. जयंतीला भीमगीतं गाणारे माझे बाबा, माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारे, आता नुसतं "त... त..." करत होते आणि स्वतःवरच चिडत होते.

घरी आणल्यावर त्यांच्या गायन पार्टीतले ढोलकीवाले काका भेटायला आले. थोड्या वेळानं त्यांनी खाटेच्या पाटीवर ठेका धरला आणि दोघांचं नेहमीचं गाणं हळूच सुरू केलं. दुसऱ्या ओळीला बाबांचा आवाज लागला. शब्द न् शब्द स्पष्ट. अख्खं कडवं. आई पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली.

"वाचा आली! ह्यांची वाचा आली!"

गाणं संपलं. आईनं विचारलं, "चहा मांडू काय?"

बाबांनी तोंड उघडलं. "त... त..."

आई माझ्याकडे वळली. "तू सायन्स शिकून राह्यली ना? मंग सांग, गानं येते त बोलनं काऊन नाई येत?"

याचं उत्तर मला येत होतं. बोलण्याचं काम बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूचं. सुरांचं बरंचसं उजव्या. डावी बाजू दुखावली, तरी पाठ असलेलं गाणं सुरांच्या वाटेनं बाहेर येऊ शकतं. ही आकृती मी परीक्षेत नावांसकट काढली होती. कला आणि विज्ञान कुठे भेटतात, असं कॉलेजात कुणी विचारलं असतं, तर मी टाळ्या घेतल्या असत्या. इथं ती जागा माझ्या बापाच्या डोक्यात होती, आणि मला तिथं काहीच करता येत नव्हतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे बरे होतीन काय?"

"मले नाई माहीत, आई."

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोजची वाक्यं चालीत बसवून म्हणवून घ्या. काहींना फायदा होतो. शिकवणारा माणूस अकोल्यालाच होता. रोजचं जाणं-येणं बाबांच्यानं होणारं नव्हतं. म्हणून मीच बसले. मला सूर नाही. लहानपणी मी गायला लागले की बाबा हसून कानांवर हात ठेवायचे. तरी त्यांच्याच गाण्याच्या चालीत मी "पानी दे, पानी दे" बसवलं, त्यांचा डावा हात धरून मांडीवर ठेका देत राहिले. दिवाळीची सुटी अर्धी सरली, तेव्हा बाबांनी ते एकट्यानं म्हटलं. आईनं भरलेला तांब्या आणला. ते घटाघटा प्यायले. आम्ही दोघी रडलो.

पण पुढचं वाक्य बसेना. जेवण हवं असलं तरी "पानी दे". पाठ दुखली तरी "पानी दे". आई पाणी आणायची, ते मान हलवायचे, पुन्हा तेच गायचे, आणि शेवटी भांडं ढकलून द्यायचे. आपण चुकीचं म्हणतोय हे त्यांना कळत होतं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसायचं, आणि मी नजर खाली घालायचे.

सुटी संपल्यावर ते मला सोडायला काकांच्या आधारानं स्टँडवर आले. मी खिडकीशी बसले. त्यांनी काचेवर हात ठेवला, ओठ हलवले, अडकले. मग डोळे मिटून त्यांनी सूर लावला, "पानी दे, पानी दे..."

पुढच्या सीटवरच्या बाईनं लगेच आपली बाटली खिडकीतून पुढे केली. "घ्या भाऊ, प्या."

बाबांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती घेतली, आणि तहान नसताना दोन घोट प्यायले.

बस निघाली. त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.