राउटरला दिलेलं तेल

आमच्या घरचा राउटर बंद पडला तेव्हा त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

दिवस दसऱ्याचा, घर सोलापूरच्या भवानी पेठेतलं, माझ्या माहेरचं. आणि त्या सकाळी मला मेलबर्नमधल्या एका बाळाच्या कानात नाव सांगायचं होतं. बाळ माझ्या भावाचा, नितीनचा मुलगा. म्हणजे मी आत्या. बारशाला ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि हा मान मला जन्मात एकदाच मिळणार होता (एकावर थांबायचं, असं नितीननं आधीच जाहीर केलं होतं). नाव मीच शोधलेलं. वहिनीच्या पहिल्या डोहाळ्यांपासून शोधत होते, नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. ठरलं असं की मुहूर्ताला नितीन फोन बाळाच्या कानाशी धरेल आणि मी सोलापुरातून नाव सांगेन.

हे वहिनीच्या आईंना मुळीच पसंत नव्हतं. त्या बाळंतपणासाठी तिकडेच गेलेल्या. मुहूर्ताला आत्या लागली तर ठीक, नाही तर बाळाच्या कानात मीच सांगते, असं त्यांनी कळवून टाकलं होतं. त्यांच्याकडे एक नाव तयारही होतं. ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

आणि आता इंटरनेट नाही! मोबाईलची रेंज आमच्या जाड दगडी भिंतींतून आत येत नाही. गच्चीवर गेले तर पडद्यावर नितीनचं तोंड अर्धवट उघडं राहून तिथंच थिजलं. बाहेर रस्त्यावर ताशा चालू. उरला फक्त राउटर.

“कुणी घाबरू नका,” मी म्हणाले. घाबरलेली मी एकटीच होते. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे घरात टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळ्याचा निकाल माझ्याकडे येतो. मी पदर खोचला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि जणू वर्गच भरलाय अशा थाटात आईला पिंग समजावून सांगू लागले. पिंग म्हणजे हाक. आपण हाक घालायची, समोरच्यानं ओ द्यायची. कुठपर्यंत ओ येते ते बघत गेलं की बिघाड नेमका कुठं आहे ते सापडतं.

पहिली हाक राउटरला घातली. त्यानं चटकन ओ दिली. दुसरी हाक घराबाहेर घातली. काहीच नाही.

“म्हंजे घरातल्या घरात बोलतंय, पण भायेरचं काय बी ऐकू येत न्हाय,” आई म्हणाली. “तुज्या अण्णांसारखंच हाय की.”

अण्णा कोपऱ्यात गप्प बसले होते. माझे वडील एरवी गप्प बसणारे नाहीत. सगळा जन्म त्यांनी यंत्रमागावर जॉबर म्हणून काढला, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करायचा. पेठेतला कुठला माग खोकतोय ते त्यांना रस्त्यावरून जाता जाता कळायचं. असा माणूस घरातलं यंत्र बंद असताना छताकडे बघत बसतो, याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी तज्ज्ञ! मी दिवे तपासत होते. पॉवरचा दिवा हिरवा, वायफायचा लुकलुकणारा, आणि इंटरनेटचा विझलेला. म्हणजे बाहेरून येणारी वायर जिथं खोचतात, त्या भोकातच काहीतरी घोळ होता.

मी वायर ओढली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी अलगद बाहेर आली. बोटं तेलकट. वास घेतला, तर शिलाई मशीनचं तेल. बॅटरी मारून आत पाहिलं, तर राउटरच्या पोटात लालभडक लगदा.

“अण्णा?”

“काल खंडेनवमी हुती,” अण्णा म्हणाले. “सगळ्या हत्यारांला तेल दिलं, हळद-कुंकू लावलं. मागाला दिलं, पान्याला दिलं, तुज्या आईच्या शिलाई मशीनला दिलं. ह्ये बी घरातलं यंत्रच की. भोकं लई सुकी दिसली, म्हणून दोन-दोन थेंब सोडले.”

“आणि कुंकू?”

“त्ये तुज्या आईनं.”

आईनं लगेच राउटरला हात जोडले. लेकाचं तोंड रोज दाखवणारी वस्तू, तिला काय कोरडा नमस्कार करायचा?

मग राउटर पाटावर घेतला. कापूस, स्पिरिट, जुना टूथब्रश. त्या इवल्याशा भोकात सोन्यासारख्या बारीक तारा ओळीनं बसवलेल्या होत्या, केसाहून थोड्या जाड. कुंकू निघत गेलं तशी एकेक तार चमकू लागली. खोटं कशाला बोलू, शाळेत मी हे फळ्यावर शंभरदा काढलंय, पण असं डोळे भरून कधी पाहिलं नव्हतं. एवढ्याशा तारांवरून मेलबर्न आमच्या घरात येतं! अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. “बारीक काम हाय,” ते हळूच म्हणाले. अण्णांच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

सगळं सुकवलं, वायर खोचली, हाक घातली. ओ नाही. पुन्हा घातली. नाही. तिकडे मुहूर्त जवळ येत होता आणि नितीनच्या सासूबाई पाळण्याजवळ येऊन उभ्या राहिल्या असणार, हे मला न बघता दिसत होतं. मी कपाळाला हात लावला. कंपनीला, हवामानाला आणि सासूबाईंना नावं ठेवून झाली. मग आईनं विचारलं, की वायर पयली निळ्या भोकात हुती, आता पिवळ्यात कशी? (तज्ज्ञ!)

वायर निळ्यात गेली आणि इंटरनेटचा दिवा लागला. हाक घातली, आणि ओ आली. एकापाठोपाठ एक, ओळीच्या ओळी. जगाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, पापणी लवायच्या आत परत भवानी पेठेत! आम्ही तिघं त्या ओळींकडे आरतीला उभं राहावं तसे बघत राहिलो. माझ्या अंगावर खरंच काटा आला.

मी घाईघाईनं व्हिडिओ कॉल लावला. नितीननं तितक्याच घाईनं तो उचलला, आवाज पूर्ण वाढवला आणि एक शब्द न बोलता फोन सरळ बाळाच्या कानाशी नेला. पडद्यावर एक गुलाबी कान आला. एवढासा, नुकता उमललेला. मी भान हरपून बघत राहिले, डोळ्यांत पाणी आलं. ‘कुर्रर्र’ करण्यासाठी श्वास घेतला, आणि तेवढ्यात कडेला काहीतरी हललं. चालू राउटरवर वाकून, तेलाची बुधली तिरपी धरून, आमचे वडील. यंत्र चालू झालं, आता एक थेंब द्यायला हवा, ही जन्माची सवय!

“अण्णा!” मी किंचाळले.

मेलबर्नमध्ये बाळ दचकलं, पण रडलं नाही. मग वहिनीच्या आईंचा आवाज आला, अगदी ठाम. “ठेवलं हो नाव. आत्याच्या तोंडून पहिलं आलं तेच खरं.” आणि बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवातही केली.

मला ओरडायचं होतं, थांबा, ते नाव नव्हतं, खरं नाव अजून माझ्या तोंडातच आहे! पण अण्णांकडे पाहिलं. बुधली हातात तशीच धरून ते खाली बसले होते.

“माजं नाव?” ते म्हणाले. “तितं, परदेशात?”

“व्हय की,” आई म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

मीही पाळणा म्हणू लागले.

आता तिकडे सगळे त्या एवढ्याशा बाळाला अण्णा म्हणतात, आणि ते हाक मारली की वळून बघतं. माझं नाव वाया गेलं, असं मात्र कुणी समजू नये. ते काय होतं हे आजही मी कुणाला सांगत नाही, कारण सध्या ते आमच्या वायफायचा पासवर्ड आहे.