राख पडतेय ना?

ताकेबे-सान जेवायला बसण्याआधी तीन मिनिटं नुसते उभे राहत. सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मंडईत, दुपारच्या गर्दीत ट्रे धरून वाट अडवायची म्हणजे लोकांच्या शिव्या ठरलेल्या. पण ऐंशी ओलांडलेला हा माणूस गळ्यातलं स्टॉपवॉच चालू करून समोरचं टेबल निरखत राही आणि मी मागे घामाघूम. "आधी बघा, कुलकर्णी-सान," ते तुटक इंग्रजीत म्हणत. "बसायचं काय, कधीही बसता येतं."

जपानमधले हे फार मोठे दिग्दर्शक. कॅमेऱ्याच्या पेट्या वाहण्यापासून सुरुवात केली आणि पुढे देशोदेशीचे दिग्दर्शक त्यांचे सिनेमे थांबवून थांबवून शिकले. सेटवर म्हणे कधी आवाज चढवला नाही. शॉट मनासारखा झाला नाही, की नटाला चहा देत आणि म्हणत, "आपण दोघंही आज घाईत आहोत." त्यांच्या पहिल्या सिनेमाची एकमेव धड प्रत सिंगापूरच्या एका गोदामात सापडली आणि दुरुस्तीला आमच्या ऑफिसात आली. मी पुण्याचा साधा आयटीवाला. फिल्मवरची धूळ नि ओरखडे शोधून पुसणारं सॉफ्टवेअर चालवायचं, एवढंच माझं काम. ते तपासायला ताकेबे-सान महिनाभर इथे राहिले होते.

सिनेमात एक आई धक्क्यावर उभी राहून मुलाच्या बोटीकडे बघते. तो प्रसंग लागला, की ते पुढे वाकून विचारत, "राख पडतेय ना?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी फोनवर मेल वाचत होतो. "हो, हो," म्हणालो. पुढे ती सवयच झाली. कसली राख, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

एकदा चहा पिताना त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचं गाव ज्वालामुखीच्या पायथ्याशी. ते घर सोडून निघाले त्या सकाळी राख भुरभुरत होती आणि आई डोळ्यांवर हातही न धरता बघत राहिली. ते परतले तेव्हा ती नव्हती. "त्या शॉटसाठी मी एकोणीस दिवस खऱ्या राखेची वाट बघितली," ते म्हणाले. "बाकीचा सिनेमा गेला तरी चालेल."

मी चहा तसाच टाकून उठलो. जागेवर येऊन मूळ स्कॅन उघडलं. त्यात बारीक राख पडत होती. आमच्या प्रतीत आकाश स्वच्छ! सॉफ्टवेअरने एकूण एक कण धूळ समजून पुसला होता आणि मी ते तपासलं नव्हतं. पण मग रोज समोर बसून ताकेबे-सानांना ते कसं दिसलं नाही? हळूहळू उलगडा झाला. त्यांची नजर गेली होती, ते ती लपवत होते आणि माझ्या डोळ्यांनी सिनेमा बघत होते. हॉकर सेंटरमधली ती तीन मिनिटंही मला आता वेगळी दिसू लागली; ते टेबल बघत नव्हते, कानांनी वाट शोधत होते.

शुक्रवारी दुरुस्त प्रतीच्या मंजुरीवर त्यांची सही व्हायची होती. नोकरी गेली तर इथे राहायचा पास जाणार, मग सेंगकांगचं घर, लेकीची शाळा. तीन दिवस मी ताट अर्धवट टाकून उठत होतो. शेवटी बारा वर्षांच्या इराने खोदून खोदून विचारलं आणि सगळं ऐकून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हिम ला. ही ट्रस्ट यू, व्हॉट."

शुक्रवारी सकाळी ताकेबे-सानांना सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत नव्हती.

"मला शंका होती," ते म्हणाले. "तुमचं 'हो' फार लवकर यायचं."

मग आपल्यासमोरचा चहाचा कप चाचपडत त्यांनी माझ्याकडे सरकवला. "आपण दोघंही घाईत होतो."

त्यांनी सही केली नाही. साहेबांची बोलणी खाल्ली, पण नोकरी राहिली. पुढचे दोन आठवडे मी एकेक फ्रेम उघडून राख परत आणत होतो आणि ते शेजारी बसून होते.

चारच महिन्यांनी, त्यांच्या गावी, ते वारले. मला मात्र आठवतो तो इथला शेवटचा दिवस. अंधाऱ्या खोलीत धक्क्याचा प्रसंग लागला. ते पुढे वाकले आणि गळ्यातलं स्टॉपवॉच चालू केलं.

"राख पडतेय ना?"

शेजारी स्टॉपवॉच टिकटिकत होतं. मी आधी बघितलं, नीट बघितलं.

"पडतेय," म्हणालो. "खांद्यांवर साचलीय. डाव्या पापणीवर एक कण आहे. आई तो पुसत नाहीये."

त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं.